कपाळावरचा डाग

"काकू, शहीद पोलिसांच्या संकेतस्थळावर खैरेकाकांचं पान तयार झालंय. बघता?" शिपाई वनितानं मोबाइल पुढं केला.

इंदूकाकूंनी चष्मा पुसला. वर्दीतला नवरा पाहून हसल्या, मग एकदम थबकल्या. "कपाळावरचं कुठं गेलं गं?"

"काळा डाग होता, मीच काढला. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून."

"डाग? अगं वेडे, विठोबाचा बुक्का तो! बंदोबस्त सुटला की वर्दीतच कीर्तनात टाळ धरायचे. माझं कुंकू गेलं, त्यांचा बुक्का तरी राहू दे."

वनिता ओशाळली. तिथंच बसून तिनं मूळ फोटो परत चढवला. काकू देव्हाऱ्यातली डबी घेऊन आल्या.

"ये, तुझंही कपाळ मोकळंच आहे. साहेबांनी विचारलं तर सांग, खैरे हवालदारांचा हुकूम आहे."