देवघराच्या दारात

"आई, माणूस कोसळला की बाकी काही पाहायचं नाही, लगेच छाती दाबायला लागायचं," शिबिरातून शिकून आलेली माझी सून अवनी म्हणाली होती.

हे हसले होते. "मी पडलो तर तूच धावजो बरं, सूनबाई."

एकादशीला हे सोवळ्यात पूजा करता करता कोसळले. पाळी आल्यामुळे बाहेरच्या खोलीत बसलेली अवनी धावत आली. मी देवघराच्या दारात आडवी आले.

"शिवू नको बाई, सोवळ्यात आहेत ते."

"आई, सरका ना! बाबांना श्वास नाही येऊन राहिला!"

मी सरकले नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.




तेराव्याला नणंद माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, तुझ्या व्रतांचंच पुण्य गं. दादाले सोवळ्यात मरण आलं."