बुडबुडा

हॅल्व्हरसन सरांच्या छातीवर, कातडीतच, वाटाण्याएवढी गाठ आली होती. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरपायी त्यांची एक किडनी काढली होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या या टोकाला गाठीतल्या पेशी तपासणारी मी एकटीच. मी गाठीत बारीक सुई घातली, निघालेला थेंब काचपट्टीवर ठेवला आणि दुसऱ्या काचेनं पसरवायला घेतला. “दाबू नकोस, नुसती सरकव,” सर पडल्यापडल्या म्हणाले. सातवीत विज्ञान शिकवताना ते आम्हाला अस्संच दटावायचे. तेव्हा मी काडीनं स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या होत्या आणि वहीत काळ्या काठाचं सुरेख वाटोळं चित्र काढलं होतं. सर पोट धरून हसले होते. “अगं लॉर्ना, ही पेशी नाही, हवेचा बुडबुडा आहे!” पुढे बर्फ वितळेपर्यंत अख्खा वर्ग मला बुडबुडा म्हणत होता, त्याचा राग मला अजून येतो. काचपट्टी रंगवून मी खोलीतल्याच सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. किडनीतला तो कॅन्सर मी लगेच ओळखला. सहा वर्षांपूर्वीही तो मीच पाहिला होता. मान वर करायचा धीर होईना. सर उठून शर्टाची बटणं लावत होते. त्यांनीच विचारलं, “काय गं, बुडबुडा आहे का?” “नाही, सर.” त्यांनी गळ्याजवळचं शेवटचं बटण लावलं. “मग शिकलीस म्हणायचं.”