आप्पांचं गरम पाणी

बाथरूममधल्या बॉयलरला पुन्हा उकळी फुटली, तेव्हा निरंजनने प्लंबर रफिकभाईंना बोलावलं. वारलेल्या आप्पांचं मन त्याने बॉयलरमधल्या यंत्रात चालू ठेवलं होतं आणि त्या यंत्राच्या उष्णतेवरच घरातलं पाणी तापत असे.

रफिकभाईंनी वाफ सोडली, पाइप तपासले, यंत्राला कान लावला.

"साहेब, पाइप ठीक आहेत. तुमचे वडील घाबरलेत. सारख्या तुम्हाला हाका मारतायत, म्हणून एवढं तापतंय. दोन शब्द बोला त्यांच्याशी, शांत होतील."

"मग पाणी?"

"कोमट येईल."

निरंजनने बाहेरच्या थंडीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "टाकीच मोठी बसवा."