दौलतसिंहाचा अबोला

“कुणाला खरं वाटायचं नाही, पण आज पहाटे दौलतसिंह माझ्या दारात येऊन ढसाढसा रडला,” माधवगंजात पानवाल्यापाशी उभा राहून मी मोठ्यानं सांगितलं.

दौलतसिंह माझा चुलतभाऊ. समोरच्याच ओट्यावर तो हुक्का ओढत बसला होता. दसऱ्याच्या सवारीत कुणाची घोडी पुढं चालणार, त्याची बिजली की माझी, यावरून आमचं वैर. शेवटी पैज लागली, की दोघांनी एकमेकांशी अबोला धरायचा आणि जो आधी दुसऱ्याशी तोंड उघडेल त्याची घोडी कायमची मागं. दसरा उद्यावर आला तरी हा गडी हूं की चूं करत नव्हता.

“फिर, रावसाहब?” पानवाल्यानं विचारलं.

“फिर काय! पगडी काढून माझ्या पायांवर ठेवली. म्हणाला, दादा, मी भ्याड आहे, घराण्याला कलंक आहे.”

माणसं फिदीफिदी हसली. दौलतसिंहाचे डोळे लाल झाले, मिशी थरथरली, पण हुक्क्याची नळी त्यानं दातांत घट्ट धरून ठेवली. स्वतःची बेअब्रू तो गिळणार, हे मला ठाऊकच होतं.

“आणि जाताना पोटातलं सांगून गेला,” मी विडा तोंडात सरकवत म्हटलं. “तूच पुढं हो दादा, म्हणाला. किल्ल्यावरची तोफ ऐकली की माझी बिजली थरथर कापते.”



नळी फेकून दौलतसिंह भर रस्त्यात आला. “झूठ! साफ झूठ! थापाड्या, तोफेच्या तोंडाशी उभी केली तरी माझी बिजली कान हलवत नाही!”