कालिंदीची हरकत

क्लबच्या फळ्यावर बायकोचं नाव वाचून दिगंबर जागच्या जागी थांबला.

कुणीतरी तिच्या हरकतीची प्रत टाचून ठेवली होती. कोलकात्याच्या बेहाला भागाच्या नव्या विकास आराखड्यात त्यांच्या पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तळ्याला आणि काठच्या झाडीला भूदृश्य संरक्षण दिलं होतं. काठाला बांधकाम नाही, तळ्यात भराव नाही. ते कलम रद्द करावं, अशी कालिंदीची मागणी होती. कारणंही तिने दिली होती. तळं म्हणजे डासांचं डबकं. झाडं म्हणजे कचरा. आणि ज्यांची काठावर वीतभर जमीन नाही, त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर सावली मागू नये.

शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं आणि मान खाली घालून घरी आला.

घर कालिंदीच्या वडिलांचं. मागची मोकळी जागा थेट तळ्यापर्यंत जात होती. ती इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. दिगंबर बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आला आणि लग्न करून इथलाच झाला. पुढच्या बढत्या आपण या तळ्यासाठी सोडल्या, असं तो गमतीने सांगायचा.

"तू लिहिलंस ते?"

"नाव माझंच आहे ना?"

"काठावर इमारत बांधू पाहणारा तो प्रोमोटर आला होता का?"

"आला होता. चहा पिऊन गेला."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"काठावर ट्रकच्या ट्रक राडारोडा पडतोय. आजवर कोण काय म्हणालं?" ती भाजी चिरत राहिली. "तुम्ही तरी काय म्हणालात?"

ट्रक आला की तो खिडकीतून बघायचा, चुकचुकायचा आणि पेपर उघडायचा.

दोन-चार दिवसांत पाडा पेटला. क्लबचा सेक्रेटरी अनिमेष याने आराखडा कधी उघडूनही पाहिला नव्हता. आता तो कलम नंबरासकट पाठ म्हणू लागला. कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकला आणि त्या टेबलावर सह्या गोळा होऊ लागल्या. मासळीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी सह्या केल्या. कालिंदी रस्त्याने निघाली की बोलणी थांबायची. समोरच्या सुमित्राच्या मुलीला तिने चार वर्षं फुकट गणित शिकवलं होतं. त्या सुमित्राने एका सकाळी तिला येताना पाहून फाटक लावून घेतलं. त्या दिवशी कालिंदी ओट्याशी पाठमोरी बराच वेळ उभी होती. दिगंबरला वाटलं, आता ही हरकत मागे घेईल. तिने घेतली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "सुनावणीत मी तुझ्याविरुद्ध बोलणार आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच तो असं काही बोलला होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बोलायचं तर मोठ्याने बोला. बँकेतल्यासारखं पुटपुटू नका."

हा टोमणा त्याला झोंबला.

सुनावणीला हॉल भरून माणसं दारात उभी होती. प्रोमोटर मागच्या रांगेत पाय पसरून बसला होता. कालिंदीने आपली हरकत अक्षरन् अक्षर वाचली. डबकं या शब्दावर आरडाओरडा झाला, तेव्हा ती थांबली आणि शांत झाल्यावर तोच शब्द पुन्हा वाचला.

मग दिगंबर उठला. मोडक्या बंगालीत त्याने सुरुवात केली.

"हरकत घेणाऱ्या तुमच्या कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"बायको."

हॉलमध्ये हशा पिकला. पण तो थांबला नाही. पावसात पलीकडच्या गल्लीत कमरेइतकं पाणी चढतं आणि तळ्यालगतच्या आपल्या घरांच्या पायऱ्या कोरड्या राहतात, मग इथलं पाणी जातं कुठे, असं त्याने विचारलं. पाणकावळे कुठे बसतात ते सांगितलं. काठावर रोज राडारोडा पडताना आपण पाहिला आणि गप्प बसलो, तसे आता बसणार नाही, हेही सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. त्याच्यामागून सुमित्रा उठली, मासळीवाला उठला, डॉक्टर उठले. तासभर माणसं उठतच राहिली.

अधिकारी बाईंनी हरकत फेटाळली. शिवाय कलमाची कारणं सविस्तर नोंदवली, म्हणजे ते पुढे सहजासहजी कुणाला काढता येणार नाही. टाकलेला राडारोडाही उचलायचा हुकूम झाला. निर्णय वाचून होईपर्यंत मागच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली होती.

पाड्याने दिगंबरला अक्षरशः उचलून आणलं. "दिगंबरदा, एवढा आवाज होता कुठे?" अनिमेष पुन्हा पुन्हा विचारत होता. कुणी त्याच्या हातात संदेश मिठाईचा पुडा कोंबला. इतक्या वर्षांत तो प्रथमच या गल्लीचा झाला होता.

दाराशी मात्र त्याची पावलं अडखळली. कालिंदी आधीच येऊन खुर्चीत बसली होती.

"राग आलाय?"

"छान बोललात. बंगाली व्याकरण सोडून." तिने पुडा उघडला आणि एक संदेश तोंडात टाकला. "ताजा आहे."

"आता वर अपील करणार?"

"नूपुरचा फोन आला होता, बराकपूरहून." नूपुर तिची धाकटी बहीण. "त्यांच्या आराखड्यातही घाटावरच्या वडांसाठी असंच एक कलम आहे. तिथे एकही हरकत आलेली नाही."

"मग बरंच आहे की."

"हरकत नाही तर सुनावणी नाही. सुनावणी नाही, तर असं काही कलम आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. शेवटच्या मसुद्यातून ते गुपचूप गळतं आणि वड तोडायला माणसं आली की मग सगळे हळहळतात."

दिगंबरचा हात पुड्यावरच राहिला.

"मी तिला म्हटलं, तूच घे हरकत," कालिंदी म्हणाली. "आणि अशी लिही, की घरचा नवरासुद्धा विरुद्ध उभा राहिला पाहिजे."