अंघोळीआधीची गोळी

मल्लिकार्जुनच्या मुठीत पांढरी गोळी घामानं चिकट झाली होती आणि त्याची आई, गुरम्मा, उंबऱ्यावर बसून टँकरची वाट बघत होती. अंघोळ नाही तर गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही, आणि लिंगपूजा नाही तर पाण्याचा घोटही नाही. या घरचा हा नियम. दुष्काळ पडला म्हणून तो थोडाच सैल होणार! निलंग्याचे नळ कधीचे कोरडे पडले होते आणि टँकर कालही आला नव्हता.

लातूरच्या डॉक्टरांना यातलं काय ठाऊक? सकाळी न्याहारी करून गोळी घ्या, दुपारी घ्याल तर रात्रभर डोळा लागणार नाही, एवढं सांगून ते मोकळे झाले होते.

वीज कंपनीच्या साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. पंपहाऊसची लाईन गेली होती. गाव तहानलंय, लवकर ये. आता वायरमननं जायचं नाही तर कुणी जायचं?

इतकी वर्षं मल्लिकार्जुनला खांबाची भीती कधी वाटली नव्हती. ती गेल्या आठवड्यात वाटली. त्या दिवशीही पाणी नव्हतं, अंघोळ राहिली, गोळी राहिली. तो तसाच वर चढला. खाली दोघं शेळीवरून भांडत होते. त्याचं मन तिकडे गेलं, आणि हात, वीज बंद केलेली तार सोडून, शेजारच्या चालू तारेकडे निघाला. खालून जोडीदार महादेवप्पा ओरडला म्हणून वाचला. घरी तो एक शब्द बोलला नाही, पण तेव्हापासून बसल्याजागी त्याला तो हात दिसायचा. त्याचाच हात, आणि त्याला न विचारता निघालेला.

तिसऱ्यांदा फोन वाजला. मल्लिकार्जुननं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि गोळी तशीच कोरडी गिळली.

ती घशात अडकली. ठसका लागला, श्वास कोंडला, तो भिंतीला धरून खाली बसला. गुरम्मा धावत आली.

"काय खाल्लास रे?"

त्याला बोलताच येईना. घरात पाणी होतं ते एकाच तांब्यात, लिंगासाठी झाकून ठेवलेलं. पूजा झाली नाही म्हणून ती स्वतः कालपासून उपाशी होती. तिनं तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडाला लावला. त्यानं तो रिकामा केला.

"आता सांग."

"डोक्याच्या डॉक्टरची गोळी हाय, अव्वा." तो मान खाली घालूनच बोलला. "मी येडा न्हाई. पण मन ठरतच न्हाई माझं. हातातलं काम टाकून भलतीकडंच पळतंय. लहानपणापासून असंच हाय. शाळेत मार खाल्ला, तू बी मारलीस. गोळी घेतली की जरा जाग्यावर राहतंय. न घेता वर चढलो तर मरून जाईन गं मी."

आता ती बोलणार, हे त्याला माहीत होतं. पूजेआधी तोंडात घातलंस, लिंगाचं पाणी गेलं, त्यात वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलास. पण अव्वा तोंडावर पदर धरून बसून राहिली.

त्यानं पिशवी खांद्याला लावली. "येतो मी."

"गोळी लगेच लागती का?"

"न्हाई. टाईम लागतो."

"मग खांबाखाली थांब तवर. गाव तहानलं तर तहानलं. सायब ओरडू दे."

तो दारापर्यंत गेला तसा तिनं मागून त्याचा सदरा धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्याच काळजीनं, असं त्याला वाटलं.

"मल्लू," ती म्हणाली, "लिंग हातावर घेते, डोळे त्याच्यावर ठेवते, अन् मन उठून जातंय. बाजारात, शेजारणीच्या चुलीवर, कुठं बी. भस्म लावलं का न्हाई ते बी ध्यानात राहत न्हाई. दीक्षा झाली तवापासून असंच हाय. स्वामींना बी कधी सांगितलं न्हाई मी. मला वाटलं, माझंच पाप हाय ते."

तिनं देवघराकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती गोळी बाईमाणसाला बी देत्यात का रे?"