त्याच्या नावानं

केंटकीतल्या एका चर्चमध्ये व्हर्लीन तीस वर्षं मुलांना बायबल शिकवत होती. तुरुंगातून सुटलेला तिचा मुलगा क्लेटन दोन रविवार शेवटच्या बाकावर बसला, आणि आज चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी बैठक बोलावली. "त्यानं इथं येऊ नये. लोक घाबरतात," पास्टर म्हणाले. "नाव येशूचं घेताय, त्याला विचारलंत का?" व्हर्लीन कडाडली. "मुलांना मी शिकवते, त्याच्या नावानं म्हणजे त्यानं केलं असतं तेच करायचं!" कुणी मान वर केली नाही. हात मात्र वर झाले आणि ठराव मंजूर झाला. पास्टरांनी क्लेटनसाठी लांबलचक प्रार्थना केली. "येशूच्या नावानं मागतो," ते म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर सवयीनं व्हर्लीनच्याही तोंडून "आमेन" निघून गेलं. बाहेर गाडीत क्लेटन नवा शर्ट घालून बसला होता. "काय ठरलं, आई?" ती म्हणाली, "तुझ्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली."